लॅपटॉप घरी ठेवून: तीन अ‍ॅनालॉग सिंथ आणि एका मिक्सरवर लाइव्ह वाजवताना

हार्डवेअर सिंथवर, म्हणजे संगणकाशिवाय चालणाऱ्या सिंथेसायझरवर, लाइव्ह वाजवायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी 'कोणता सिंथ घेऊ?' या प्रश्नापाशीच अडते. माझं मत सांगतो. सिंथ बऱ्यापैकी कोणताही चालतो. कार्यक्रम रंगतो की फसतो हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं: सगळी यंत्रं एकाच घड्याळावर चालताहेत का, मिक्सर तुमच्या हाताखाली आहे का, आणि तुम्हाला हात आवरता येतो का. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड.

सगळ्याच यंत्रांबद्दल मोघम बोलण्यापेक्षा इथे एक ठरावीक संच धरतो आणि तारा जोडण्यापासून साउंड चेकपर्यंत जातो. तुमच्याकडची यंत्रं वेगळी असतील तर नावं बदला, रीत तीच राहील.

संच

ड्रमसाठी आर्टुरियाचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट, बेससाठी बेरिंजरचं टीडी-३ आणि तिसऱ्या आवाजासाठी कॉर्गचं मोनोलॉग. तिन्ही अ‍ॅनालॉग आहेत, म्हणजे आवाज साठवलेल्या नमुन्यांतून येत नाही, सर्किटमधल्या बदलत्या व्होल्टेजमधून तिथल्या तिथे घडतो. तिन्हींच्या पोटात स्वतःचा सीक्वेन्सर आहे, म्हणजे सूर-ठोके पायरी-पायरीने भरून ठेवले की तो फेरा (पॅटर्न) पुन्हा पुन्हा वाजवायची सोय, त्यामुळे संगणकाची गरज नाही. याशिवाय आठ चॅनेलचा साधा मिक्सर (त्याला एक तरी ऑक्स सेंड, म्हणजे चॅनेलचा थोडा आवाज बाहेरच्या यंत्राकडे धाडणारा नॉब, हवाच), एक डिले (प्रतिध्वनी देणारं) पेडल, आणि गरजेपेक्षा दोन जास्त केबली.

चौथं यंत्र घ्यायची हौस लवकरच येईल. येऊ द्या, पण घेऊ नका. दोन हात, तीन यंत्रं आणि मिक्सर यांचाच मेळ बसायला वेळ लागतो. ज्या यंत्राचा प्रत्येक नॉब अंधारातही हाताला लागतो, तेच स्टेजवर कामाचं. बाकीची शोभेला.

वीज आणि वायरी

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक उरकतात आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी टेबलाखाली शिरतात.

प्रत्येक यंत्राचा अडॅप्टर वेगळा असतो, आणि खरी गोम पिनेत आहे. कॉर्गच्या छोट्या यंत्रांना ९ व्होल्टचा, मधली पिन धन असलेला अडॅप्टर लागतो. गिटारच्या पेडलांनाही ९ व्होल्टच लागतात, पण त्यांची मधली पिन बहुधा ऋण असते. दिसायला दोन्ही सारखे, आणि एकमेकांच्या भोकात छान बसतातही. घाईत अदलाबदल झाली तर नशीब चांगलं असेल तर पेडल नुसतं गप्प राहील, नाहीतर कायमचं गप्प होईल. उपाय रुपया-दोन रुपयांचा: रंगीत इन्सुलेशन टेप. यंत्राच्या पाठीवर लाल पट्टी, त्याच्या अडॅप्टरच्या मुंडीवरही लाल. पेडलला निळी, त्याच्या अडॅप्टरलाही निळी.

परदेशातून कुणी जुनं यंत्र आणून दिलं असेल तर आधी पाठीमागचा शिक्का वाचा. जपानातल्या बाजारासाठी बनलेलं असेल तर १०० व्होल्ट, अमेरिकेतलं असेल तर १२०. आपल्याकडे २३०. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तोही यंत्राच्या वॅटपेक्षा चांगला ऐसपैस.

सगळी यंत्रं आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. अर्धी या भिंतीवरच्या सॉकेटवर आणि अर्धी त्या भिंतीवरच्या, असं केलंत की अर्थचे दोन वेगळे रस्ते तयार होतात आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा हम सुरू होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ४९ हर्ट्झ म्हणजे अगदी खालच्या सप्तकातली पांढरी पाच, त्यामुळे हम नेमका बेसच्या मुलखात येऊन बसतो. ड्रम आणि बेस चालू असताना तो ऐकूच येत नाही. तुम्ही सगळं थांबवून नुसता एक लांब सूर ठेवता, लोक शांत होतात, आणि तेव्हा तो उघडा पडतो. म्हणून हम तपासायचा तो सगळं बंद ठेवून, मिक्सर मात्र कार्यक्रमाच्या पातळीवर.

शोधायची पद्धत सोपी आहे: एकेक ऑडिओ केबल काढत जा. जी काढल्यावर हम थांबेल, गुन्हेगार तिच्या टोकाला. बऱ्याचदा तो यूएसबीने जोडलेला चार्जर किंवा लॅपटॉप निघतो. तिथे यूएसबी काढून मिडीची (यंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवायच्या पद्धतीची) पाच पिनांची केबल वापरा, कारण नीट बांधलेल्या मिडी इनपुटमध्ये ऑप्टोकपलर (संदेश प्रकाशाने पुढे देणारा भाग) असतो आणि दोन यंत्रांचं अर्थ एकमेकांना चिकटत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर मिक्सर आणि हॉलची साउंड सिस्टीम यांच्यात डीआय बॉक्स (सिग्नल साउंड सिस्टीमला जुळवून देणारी डबी) घाला आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. थ्री-पिन प्लगची अर्थची पिन मोडून हम घालवणारे बहाद्दर अजून भेटतात. तसं कधीही करू नका. हम जातो, पण शॉकची वाट मोकळी होते.

एक घड्याळ

तीन यंत्रांचं टेम्पोचं बटण हाताने एकाच आकड्यावर आणलं तरी ती दोन मिनिटांत एकमेकांपासून सरकतात. एकाने लय द्यायची, बाकीच्यांनी घ्यायची. आपल्या संचात लय देणार ड्रमब्रूट.

ड्रमब्रूटच्या मिडी आउटमधून टीडी-३ च्या मिडी इनमध्ये एक केबल. मिडीचं घड्याळ एका ठोक्याला २४ टिचक्या पाठवतं, आणि सोबत 'सुरू' आणि 'थांब' असे वेगळे संदेशही. टीडी-३ ला 'बाहेरचं घड्याळ ऐक' असं सेटिंगमध्ये सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर ते आपल्याच तंद्रीत वाजत राहील.

ड्रमब्रूटच्या क्लॉक आउटमधून मोनोलॉगच्या सिंक इनमध्ये दुसरी केबल, ३.५ मिलिमीटरच्या पिनेची. हे अ‍ॅनालॉग घड्याळ. यात संदेश नसतात, नुसता विजेचा ठोका. कॉर्गची यंत्रं एका ठोक्याला दोन टिचक्या धरतात, म्हणजे दर दोन पायऱ्यांना एक. ड्रमब्रूटमध्ये क्लॉकचा प्रकार निवडता येतो, तिथे तोच निवडा. चुकून २४ चा प्रकार राहिला तर मोनोलॉग बारापट वेगाने धावतं आणि पिसाळलेल्या मधमाश्यांसारखा आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकून ठेवा. पुढे कधी आला तर कारण शोधत बसावं लागणार नाही.

अ‍ॅनालॉग घड्याळाची एक खोड आहे. त्यात 'पहिल्यापासून सुरू कर' असं सांगायची सोय नाही. ठोके थांबले की मोनोलॉग आहे त्या पायरीवर उभं राहतं, आणि पुन्हा सुरू झाले की तिथूनच पुढे निघतं. ड्रमब्रूट मात्र पहिल्या पायरीवर परतलेलं असतं. परिणामी सम चुकते. म्हणून सुरुवात करताना आधी मोनोलॉगचं प्ले थांबवून पुन्हा दाबायचं, मगच ड्रमब्रूटचं. आणि वाजवताना ड्रम बंद करायचे असतील तर ड्रमब्रूटचं स्टॉप कधीच दाबायचं नाही, म्यूट वापरायचं. घड्याळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालूच राहिलं पाहिजे.

सूर

अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा (मूळ सूर निर्माण करणाऱ्या सर्किटचा) सूर तापमानाबरोबर हलतो. व्होल्टेजचं स्वरात रूपांतर करणारा ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवा असतो. नव्या यंत्रांत हे बऱ्यापैकी सावरून घेतलेलं असतं, पुरतं नाही. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी सगळं चालू करून ठेवा आणि सूर लावायचा तो त्यानंतर. एसीच्या झोताखाली टेबल मांडू नका. मुंबईच्या मे महिन्यात बाहेरून येऊन थेट थंडगार हॉलमध्ये यंत्र काढलंत तर दोन गाण्यांत सूर उतरलेला दिसेल.

ट्यूनर आहे, पण कानाने लावायची सवय ठेवा. टीडी-३ आणि मोनोलॉगवर एकच लांब सूर धरा, दोन्हींचे फिल्टर (आवाजाचा वरचा, झगझगीत भाग कापणारे) बरेचसे बंद करा म्हणजे मूळ सूर स्वच्छ ऐकू येईल. सूर थोडे वेगळे असतील तर आवाज लाटांसारखा वर-खाली होतो, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना होतो तसा. टीडी-३ चा ट्यूनिंगचा नॉब फिरवत लाटा संथ करत जा. एकाचा सूर ११० हर्ट्झ आणि दुसऱ्याचा ११०.५ असेल तर दोन सेकंदांनी एक लाट येते. १२५ च्या टेम्पोत चार ठोक्यांचं एक आवर्तन १.९२ सेकंदांचं होतं, म्हणजे साधारण आवर्तनागणिक एक लाट. मी बऱ्याचदा एवढा फरक मुद्दाम ठेवतो, लांब सूर जिवंत वाटतो. बेस मात्र घट्ट हवा.

कुठली पट्टी घ्यायची? सगळे पॅटर्न एकाच पट्टीत ठेवा, कार्यक्रमभर. काळी एक घ्या, पांढरी दोन घ्या, पण मग तिथेच राहा. पट्टी बदलायची म्हणजे तिन्ही यंत्रांतले पॅटर्न एकदम बदलायचे, आणि तेवढे हात नाहीत. किकच्या (खालच्या 'धप्प' आवाजाच्या) ड्रमलाही सूर असतो हे विसरू नका. ड्रमब्रूटवर किकच्या पिचचा नॉब आहे. किकचं शेपूट लांब ठेवून तो षड्जावर आणा, मग शेपूट हवं तेवढं आखूड करा.

पॅटर्न

तीनताल हाताशी असलेल्याला १६ पायऱ्यांचा सीक्वेन्सर पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो. फरक असा की १२५ च्या टेम्पोत एकेक पायरी १२० मिलिसेकंदांची असते आणि खाली दाखवणारं कुणी नसतं.

ड्रम साधे ठेवा. किक १, ५, ९, १३ वर. हाय-हॅट ३, ७, ११, १५ वर. स्नेअर ५ आणि १३ वर. यावर वेळ घालवू नका, नटवणं वाजवताना होईल.

वेळ घालवायचा तो बेसवर. टीडी-३ ही रोलँडच्या टीबी-३०३ ची नक्कल आहे. मूळ यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलं होतं. त्या कामात ते कुणाला पटलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं तेव्हा शिकागोतल्या पोरांनी त्याचे नॉब चालू पॅटर्नवर पिळायला सुरुवात केली, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाच्या तबकडीपासून अ‍ॅसिड हाउस नावारूपाला आलं.

पॅटर्न भरायची पद्धत तिऱ्हाइताला चक्रम वाटते. आधी नुसते सूर ओळीने भरायचे, कुठल्या पायरीवर कुठला याचा विचार न करता. मग वेगळ्या मोडमध्ये जाऊन कुठली पायरी वाजणार आणि कुठली रिकामी राहणार ते भरायचं. म्हणजे बंदिशीचे स्वर एकदा लिहायचे आणि मात्रा दुसऱ्यांदा. वैतागू नका. एकाच स्वरावलीवर वेगळ्या मात्रा बसवून पाहणं यामुळेच सोपं जातं.

हा घ्या एक पॅटर्न, कोमल गंधार आणि कोमल निषादाचा. पायरी १ वर सा, २ रिकामी, ३ वर तार सा, ४ वर सा. ५ रिकामी, ६ वर ग, ७ वर सा, ८ रिकामी. ९ वर सा, १० रिकामी, ११ वर तार सा, १२ वर नि. १३ रिकामी, १४ वर सा, १५ वर ग, १६ रिकामी. अ‍ॅक्सेंट (जोर) ३ आणि १४ वर. ११ वरून १२ वर स्लाइड.

आता ऐकून बघा. ५ आणि १३ वर बेस गप्प आहे, तिथे किक आणि स्नेअर एकटे पडतात आणि म्हणून ठसठशीत वाटतात. ३ वरचा अ‍ॅक्सेंट ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये आहे, तोच पॅटर्नला पुढे ढकलतो. आणि ११-१२ ची स्लाइड: तार षड्जावरून निषाद नव्याने ठोकला जात नाही, आवाज न तुटता त्याच्यावर घसरतो. मींड म्हणा हवं तर, अर्थात यंत्राची, एकाच मापाची. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सेशनवर वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांना या घसरणीत राग दिसला. टीबी-३०३, ड्रमसाठी टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी. तेव्हा ती तबकडी फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली आणि मग त्यांना उतारवयात युरोपात वाजवायला बोलावणी आली. आपल्या संचासारखाच तो संच, तीन यंत्रांचा. काम भागतं.

पॅटर्न वाजत असताना डाव्या हाताने कटऑफ (फिल्टर किती उघडा ते) धरा आणि उजव्याने डिके (तो किती वेळात मिटतो ते). कटऑफ अगदी खाली असताना डिके वाढवली तर सूर नुसता जाड होतो. तीच डिके, आणि आता नॉब घड्याळाचं तोंड मानून कटऑफ नऊच्या काट्यावरून हळूच बाराकडे आणा. अ‍ॅक्सेंटवाल्या पायऱ्या आधी तोंड उघडतात, बाकीच्या मागून येतात. रेझोनन्स (फिल्टरच्या कडेचा जोर) दोनच्या काट्यापुढे गेला की फिल्टर शिट्टीसारखा गाऊ लागतो. या तीन नॉबांच्या खेळातच पंधरा मिनिटांचा ऐवज आहे, त्यासाठी सूर बदलावे लागत नाहीत.

मोनोलॉगला मी बेसशी भांडू देत नाही. वरच्या सप्तकात तीन-चार सूर, आणि सीक्वेन्सची लांबी १६ ऐवजी १२ पायऱ्यांची. ड्रमच्या १६ आणि याच्या १२, दोघं ४८ पायऱ्यांनी, म्हणजे तीन आवर्तनांनी समेवर भेटतात. लांबी १५ केली तर भेट २४० पायऱ्यांनी, १२५ च्या टेम्पोत जवळपास २९ सेकंदांनी. सूर तेच, पण ऐकणाऱ्याला दर वेळी वेगळी नक्षी लागते आणि तुमचे हात मोकळे राहतात. याच यंत्रात नॉबची हालचाल रेकॉर्ड करून पॅटर्नबरोबर फिरवत ठेवायची सोय आहे, ती जपून वापरा. सगळं आपोआप हलायला लागलं तर तुम्ही टेबलामागे काय करताय?

मोनोलॉगमध्ये मायक्रोट्यूनिंगही आहे, म्हणजे सप्तकातल्या प्रत्येक सुराचं स्थान थोडं वर-खाली करता येतं. ज्यांना कोमल रिषभ आणखी उतरलेला हवा असतो त्यांच्यासाठी ही मेजवानी आहे. टीडी-३ मात्र समान अंतराच्या सुरांवरच राहणार, तेव्हा उतरवलेला सूर बेसमध्ये घेऊ नका.

मिक्सर हेच वाद्य

माझ्या टेबलावर मिक्सर मधोमध असतो, सिंथ कडेला. बघणाऱ्यांना हे उलटं वाटतं. पण कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार हे तिथे ठरतं, आणि लाइव्हमध्ये निम्म्याहून जास्त काम तेवढंच आहे.

ड्रमब्रूटवर किकसाठी वेगळं आउटपुट आहे. ते पहिल्या चॅनेलवर घ्या, बाकीचे ड्रम दुसऱ्यावर, बेस तिसऱ्यावर, मोनोलॉग चौथ्यावर. प्रत्येक चॅनेलचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) लावताना त्या यंत्राचा सगळ्यात मोठा आवाज काढा: रेझोनन्स वर, अ‍ॅक्सेंट चालू, कटऑफ पूर्ण उघडा. तेवढ्यालाही लाल दिवा लागता कामा नये. शांत पॅटर्नवर गेन लावला आणि मग ऐन रंगात फिल्टर उघडला तर ती शिट्टी स्पीकरचा ट्वीटर घेऊन जाते, आणि साउंडवाला पुन्हा बोलावत नाही. हॉलच्या सिस्टीमवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा) आहे का ते आधी विचारून घ्या.

मोनोलॉगच्या चॅनेलवर लो-कटचं बटण दाबून टाका, त्याला तळाची गरज नाही. किक आणि बेस दोघांनाही तळ हवा असतो. तिथे एकाने माघार घ्यायची, मी बेसची लो ईक्यू (तळाच्या आवाजाचा नॉब) थोडी उतरवतो.

डिले ऑक्स सेंडवर लावा, आणि त्याचं आउटपुट मिक्सरच्या ऑक्स रिटर्नमध्ये न घालता एका मोकळ्या चॅनेलमध्ये घ्या, समजा सातव्या. कारण दोन. डिलेच्या आवाजाला ईक्यू मिळते, त्याचा तळ कापता येतो. आणि सातव्या चॅनेलचा स्वतःचा सेंड किंचित उघडला की डिले स्वतःलाच पुन्हा ऐकू लागतो आणि आवाज थरावर थर चढत जातो. तो सेंड केसभर जास्त उघडला तर आरडाओरडा सुरू होतो, तेव्हा बोट तिथून हलवायचं नाही. वेळ मोजायचं सूत्र साधं: ६०,००० भागिले टेम्पो. १२५ ला एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. डिले ३६० वर, म्हणजे तीन पायऱ्यांवर ठेवला तर प्रतिध्वनी ठोक्यावर न पडता ठोक्यांच्या फटींत पडतात आणि साधा पॅटर्नही विणलेला वाटतो. गिटारचं पेडल असेल तर सेंड कमीच ठेवा, सिंथचा आवाज गिटारपेक्षा बराच मोठा असतो आणि पेडल फाटल्यासारखं वाजू लागतं.

वीस मिनिटांचा आराखडा

पहिल्या कार्यक्रमाला वीस मिनिटं पुष्कळ झाली. चार पॅटर्न पुरेत. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा शत्रू घाई. तुम्ही तो पॅटर्न घरी शेकडो वेळा ऐकलाय म्हणून तुम्हाला कंटाळा येतो, समोरचा तो पहिल्यांदा ऐकतोय. १२५ च्या टेम्पोत आठ आवर्तनं म्हणजे फक्त पंधरा सेकंद. एवढ्यात एकच गोष्ट बदलायची, आणि तीही समेवर. फिल्टर उघडायचा असेल तर ३२ आवर्तनं घ्या, जवळपास एक मिनिट. हाताला ते असह्य लांब वाटतं, कानाला नाही.

सुरुवात मोनोलॉगच्या एकट्या सुरावर, डिलेसकट. मग हाय-हॅट, मग बेस बंद फिल्टरने, आणि किक सगळ्यात शेवटी. किक जितकी उशिरा येईल तितकी ती मोठी वाटते. मध्यावर किक आठ आवर्तनं काढून घ्या, त्या काळात बेसचा फिल्टर उघडत न्या आणि समेवर किक परत आणा. युक्ती जुनी आहे, दर वेळी चालते. फक्त एका कार्यक्रमात तीनदा करू नका.

पॅटर्न बदलणं हा खरा कसोटीचा क्षण, कारण दोन यंत्रांवर एकदम बटण दाबायचं असतं. आधी डिलेचा सेंड उघडून जुन्या आवाजाचं शेपूट हवेत सोडा, बेसचा फेडर खाली घ्या, पॅटर्न बदला, फेडर वर. त्या दोन सेकंदांची पोकळी शेपूट भरून काढतं.

टीडी-३ पॅटर्न लक्षात ठेवतं, नॉबांच्या जागा नाही. प्रत्येक पॅटर्नच्या सुरुवातीच्या जागांचा मोबाइलवर फोटो घ्या, किंवा कागदावर गोल काढून काटे लिहा. मोनोलॉगमध्ये आवाज साठवता येतात, पण तिथे उलटा घोळ: साठवलेला आवाज एक सांगतो, नॉब दुसरीकडेच उभा असतो, आणि हात लावताच आवाज उडी मारतो. सेटिंगमध्ये नॉबचे तीन प्रकार मिळतात. लाइव्हसाठी मी 'कॅच' ठेवतो, म्हणजे नॉब साठवलेल्या जागेपाशी पोचेपर्यंत काहीच होत नाही, मग धरतो. थोडं फिरवावं लागतं, पण दचकायला होत नाही.

सराव उभं राहून करा, कार्यक्रमात असेल तेवढ्याच उंचीच्या टेबलावर आणि अर्ध्या उजेडात. प्रत्येक सराव मिक्सरमधून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नाही. आपण कुठे उगाच नॉब फिरवत होतो हे तेव्हाच कळतं.

हॉलवर

साउंडवाल्याला दोन दिवस आधी एक चिठ्ठी पाठवा: टेबल किती बाय किती, वीज कुठल्या बाजूला, दोन डीआय बॉक्स, एक मॉनिटर. नाहीतर तिथे पोचल्यावर 'लॅपटॉप कुठंय?' यापासून सुरुवात होते. बऱ्याच ठिकाणी सिस्टीम प्रत्यक्षात मोनो चालते, तेव्हा आवाज डावी-उजवीकडे फिरवण्यावर काही अवलंबून ठेवू नका. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाची मर्यादा धरून मागे मोजत या. साउंड चेक लांबला तर तुमचीच वीस मिनिटं कापली जातात.

जनरेटरवर वीज असेल तर आधी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा आणि स्टॅबिलायझर मध्ये घाला. मोनोलॉग सहा पेन्सिल सेलवरही चालतं, ते सेल भरलेले ठेवा. वीज गेली तर सिस्टीमही जाईलच, पण नुसता तुमचा बोर्ड उडाला तर एक यंत्र तरी वाजत राहील.

पावसाळ्यात यंत्रं बॅगेतच ठेवून दिलीत तर नॉब खरखरू लागतात. सिलिका जेलच्या पुड्या टाका, आठवड्यातून एकदा सगळे नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तरी खरखर राहिली तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, यंत्र बंद करून, थेंबभरच.

बंद करताना क्रम उलटा. आधी सिस्टीमचे अ‍ॅम्प्लिफायर, मग मिक्सरचा मास्टर खाली, मग मिक्सर, शेवटी सिंथ. सुरू करताना बरोबर याच्या विरुद्ध, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. आणि केबली कोपराभोवती पिळून गुंडाळू नका, आतली तार तुटते आणि ते पुढच्या साउंड चेकलाच कळतं. सैल वेटोळं करा, वेल्क्रोची पट्टी लावा, आणि खरखरलेल्या केबलला तिथल्या तिथे गाठ मारून ठेवा, म्हणजे ती चुकून पुन्हा टेबलावर येणार नाही.